पहिलं पाणी कुणाच्या मोरीत

पाणी उपलब्ध. प्रत अयोग्य. झडप बंद.

पाणी बोळात आलं होतं, पण बोळातल्या कुणाच्याही घरात आलं नव्हतं.

कांचन तोडकर मोरीत बादली लावून उभी होती. भिंतीतल्या नळीत हवा खाकरली, मग काहीतरी जड येऊन बसल्यासारखा आवाज झाला आणि सगळं थांबलं. मीटरच्या काचेत निळा उजेड चमकून गेला. दोन मिनिटांनी पुन्हा चमकला. खाली तीच अक्षरं. समोर पद्माक्कांच्या मोरीतही तीच अक्षरं उमटली असणार, त्यांच्या अलीकडे कदमांच्याही आणि पार बोळाच्या तोंडाशी शिकलगार चाचांच्याही. घरोघरी माणसं अशीच बादल्या लावून उभी, आणि प्रत्येकाच्या भिंतीमागे वीतभर अंतरावर पाणी.

अत्तार बोळाला एक दिवसाआड तासभर पाणी यायचं. ही सलग चौथी पाळी कोरडी चालली होती.

बाहेरच्या खोलीत पोरं उठली. एक रडलं की पाठोपाठ सगळी रडतात, हे कांचनला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. नवरा गेल्यावर तिने पाळणाघर काढलं, आणि आता त्या आवाजाशिवाय घर तिला घर वाटत नसे. टँकरच्या पाण्याची शिल्लक घागर तिरकी करून तिने दुधाच्या बाटल्या विसळल्या. तास संपला. नळीतलं पाणी आलं तसं निघून गेलं.

मीटरविषयी थोडं

मीटर वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे सगळे त्याला शिव्या देणार आहेत.

काही वर्षांपूर्वी शहरात काविळीची मोठी साथ आली. टाकीवरचं पाणी चांगलं, नळातलं वाईट, आणि मधल्या मैलभर नळ्यांत काय होतं ते कुणालाच सांगता येईना. तेव्हा पाणी मंडळाने ठरवलं की तपासणी प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर करायची. जिवाणूंच्या अंगात एक द्रव्य असतं. त्याच्यावर अतिनील किरण टाकले की ते मंद उजेड परत देतं. माणसाच्या डोळ्याला तो दिसत नाही, मीटरच्या काचेला दिसतो. पूर्वी बाटली भरून प्रयोगशाळेत न्यायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. आता केसाएवढ्या नळीतून चार थेंब काचेपुढून जातात आणि तिथल्या तिथे उत्तर मिळतं. उत्तर वाईट आलं की झडप मिटते. चांगलं आलं की उघडते. घराघराची प्रत अ, ब, क किंवा ड अशी फोनवर कुणालाही बघता येते. काविळीने त्यानंतर शहरात डोकं वर काढलं नाही.

पण पाणी जेव्हा तासभरच सुटतं तेव्हा उरलेला वेळ नळी रिकामी असते, आणि रिकामी नळी आजूबाजूचं ओढून घेते. शेजारून गटार जातं, सांधे जुने आहेत. म्हणून पहिलं पाणी घाण येतं. ते वाहून गेलं की मागचं चांगलं असतं.

वाहून गेलं की. घोळ तिथेच होता.

सरळ रस्त्याची नळी पुढच्या रस्त्याला मिळते, घाण पुढे सरकते. अत्तार बोळ पुढे कुठेच जात नाही. शेवटी भिंत, भिंतीच्या एका हाताला कांचनचं घर, दुसऱ्या हाताला पद्माक्का मगदूमांचं. नळीही तिथेच संपते. प्रत्येक घराचा मीटर म्हणतो, आधी पाणी निवळू दे, मग उघडतो. आणि कुणीतरी उघडल्याशिवाय पाणी हलत नाही, हलल्याशिवाय निवळत नाही.

मग आजवर कसं चाललं? कांचनमुळे. हे बोळात कुणाला माहीत नव्हतं, कांचनलाही नव्हतं. तिच्या घरी शेवटपर्यंत जुना पितळी नळ होता. सासूने लावलेली सवय अशी की पाणी आलं की नळ मोकळा सोडायचा, मोरी खराट्याने घासायची, आणि पाण्याचा रंग गेला की मगच बादली लावायची. तिची मोरी घासून होईपर्यंत अख्ख्या बोळाची नळी धुऊन निघत होती.

पण पोरांचे आईबाप विचारायला लागले, काकू, तुमच्याकडे अजून मीटर नाही? तिने तीनदा अर्ज केला. गेल्या आठवड्यात मीटर बसला. बसवणाऱ्यांना तिने चहा दिला, पेढा दिला. बोळातलं शेवटचं घर सुरक्षित झालं आणि बोळ कोरडा पडला.

भिसे

पाणी मंडळाचा कनिष्ठ अभियंता भिसे मंगळवारी आला. त्याच्याकडे चार वॉर्ड होते आणि चेहऱ्यावर चारही दिसत होते.

"काकू, तुमचा मीटर चांगला आहे."

"मग पाणी का येत नाही?"

"सगळ्यांचेच चांगले आहेत. म्हणूनच." तो मोरीच्या कठड्यावर टेकला. "एका घराने आधी उघडायला पाहिजे. पहिलं पाणी आत घ्यायचं आणि सोडून द्यायचं. टोकाचंच घर लागतं, मधलं चालत नाही. मधल्याने उघडलं तर त्याच्या पुढची घाण तशीच बसून राहते. आमच्याकडे त्याला अग्रजोडणी म्हणतात."

"नाव तरी बरं शोधलंय."

"नावासाठी समिती होती," भिसे म्हणाला. तो हसला नाही.

"टोकाला एक नुसता नळ ठेवा की गटारात सोडायला. कुणाच्या घराला कशाला लावता?"

"मंजूर आहे ते. ठेका दोनदा निघाला, कुणी भरला नाही. रस्ता खोदायची परवानगी दुसऱ्या खात्याची. एक-दोन वर्षं तरी धरा."

"मग माझा जुना नळ लावून द्या."

"बिनमीटरचं कनेक्शन आता गुन्हा आहे. तुमच्यावर तर येईलच, माझ्यावर पण."

कांचनच्या कडेवर रेयांश होता. दीड वर्षाचा, जड, कुणाकडे न जाणारा. तो भिसेच्या खिशातला पेन बघत होता. भिसेने पेन त्याला देऊन टाकला आणि मग खरी गोष्ट सांगितली. अग्रजोडणीचं घर पहिल्याच पाळीला 'ड' होतं.

"पण मी ते पाणी वापरणारच नाही. मोरीत सोडणार."

"मीटरला ते दिसत नाही काकू. मीटरपुढून जे गेलं ते घराचं."

"तुम्ही दुरुस्त करा नोंद."

"नोंदीला कुणाचाच हात लागत नाही. साथीच्या वेळी लागले होते हात, म्हणूनच तर." त्याने समोरच्या घराकडे मान केली. "टोकाची घरं दोनच. मगदूमांना वैद्यकीय सूट आहे, त्यांच्याकडे घरी डायलिसिस चालतं. राहिलात तुम्ही. शुक्रवारी दुपारपर्यंत कुणाची संमती आली नाही तर प्रणाली स्वतः ठरवते. त्याआधी आरोग्यवाले मगदूमांच्या घरी येतील, सूट खरी आहे का बघायला. ती खरीच आहे, मग येईल तुमच्यावरच. उगाच चार दिवस टँकर."

जाताना त्याने एक माहितीपत्रक दिलं. पेन परत मागितला नाही.

अग्रजोडणी : नागरिकांसाठी माहिती

प्रश्न : अग्रजोडणी म्हणजे काय?
उत्तर : बंद टोकाच्या मार्गावरील ज्या जोडणीची झडप सर्वप्रथम उघडते, ती.

प्रश्न : अग्रजोडणीधारकास कोणते लाभ मिळतात?
उत्तर : पाणीपट्टीत पूर्ण माफी, तसेच दारावर लावण्यासाठी मंडळातर्फे हिरवी पाटी.

प्रश्न : घराच्या प्रतीवर परिणाम होतो काय?
उत्तर : होय. प्रत 'ड' दर्शविली जाईल. नागरिकांनी याकडे सेवाभावाने पाहावे.

प्रश्न : प्रत 'ड' असलेल्या घरात खाणावळ, पाळणाघर अथवा

(इथून पुढचा तुकडा रेयांशने फाडून तोंडात घातला. कांचनने बोट घालून काढला. वाचायची तशी गरज नव्हती. पाळणाघराच्या परवान्याच्या नव्या नियमांत पहिल्याच ओळीत 'अ' प्रतीची अट होती.)

बुधवार, संध्याकाळ. शिकलगार चाचांचा कट्टा.

विश्वास कदम (बोळातली सगळी कामं अंगावर घेणारे आणि तसं बोलून दाखवणारे) : वहिनी, राग मानू नका. पण तुमचा मीटर बसला आणि बोळ वाळला, हे खरं की नाही?

कांचन : खरं आहे.

शिकलगार चाचा : तिचा बसला म्हणून नाही रे. आपले सगळ्यांचे आधी बसले म्हणून. तेव्हा तू फटाके लावलेस.

विश्वास : चाचा, तुम्ही बोळाच्या तोंडाशी. तुम्हाला काय, रस्त्यावरच्या नळाला तोंड लावाल.

चाचा : तोंड आहे, दात नाहीत. बोल पुढं.

जोगबाई (बँकेतून निवृत्त, गुडघ्यांनी हैराण) : मला टँकरची घागर जिन्यावर चढवत नाही. मी एवढंच सांगते. कुणी काय करायचं ते तुम्ही ठरवा.

विश्वास : ठरलंय की. मगदूम काकांचं आजारपण, त्यांना कोण म्हणणार? राहतं एकच घर. वहिनी, बोळासाठी एवढं करा. पाटीला हार आम्ही घालू.

कांचन : करते.

(इतक्या लवकर होईल असं कुणाला वाटलं नव्हतं.)

कांचन : घाण पाणी माझ्या मोरीत येऊ द्या. पण पाळणाघराला कुणीतरी बाहेरची खोली द्या. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. तुमची घरं 'अ' होतील, पोरं तिथे राहतील. झाडणं-पुसणं माझ्याकडे.

विश्वास : आमची धाकटी दहावीला आहे वहिनी. नाहीतर काही प्रश्नच नव्हता.

जोगबाई : माझं बीपी.

चाचा : माझी एकच खोली, त्यात बकरी बांधतो. चालत असेल तर आजच आण.

विश्वास : बकरीची प्रत काय चाचा?

चाचा : तुझ्यापेक्षा वरची.

(हसतात. हसून झाल्यावर सगळे आपापल्या चपलांकडे बघतात.)

कांचन : पद्माक्का?

पद्माक्का (पदराचं टोक बोटाला गुंडाळत) : आमच्याकडे आजारी माणूस आहे गं.

कांचन : माहीत आहे. सगळ्यांना विचारलं म्हणून तुलाही विचारलं.

दोन घागरी

गुरुवारी दुपारी टँकर आला. पोरं झोपली होती. रांगेत पद्माक्का पुढे होत्या. त्यांनी दोन घागरी भरल्या आणि निघाल्या.

कांचन त्यांच्याकडे बघत राहिली. मग आपली पाळी आली तरी बघत राहिली, मागून कुणीतरी ढकललं.

ते मशीन घरी आलं त्या वर्षी पद्माक्कांनीच कौतुकाने सांगितलं होतं की एका बैठकीला पिंपभर पाणी पितं ते, आधी गाळतं, मग पुन्हा गाळतं, मग कुठे ह्यांच्या रक्ताशेजारून नेतं. आठवड्यातून तीनदा. त्यासाठी गच्चीवर वेगळी टाकी बांधली होती. नळ कोरडे पडून आता आठवडा झाला. ती टाकी केव्हाच आटली असणार. आणि पद्माक्का टँकरवर दोन घागरी भरत होत्या. मशीनचं सामान आणणारी गाडीही बरेच दिवसांत बोळात वळली नव्हती.

म्हणजे मशीन बंद होतं. म्हणजे सूट नुसती नावाला होती. म्हणजे काल कट्ट्यावर, सगळ्यांसमोर, पदराचं टोक गुंडाळत…

कांचनने घागरी तिथेच ठेवल्या. पोरांपाशी जोगबाईंच्या सुनेला बसवलं आणि ती समोर गेली. जाताना तिने वाक्यं जुळवली होती. मैत्रीण म्हणवतेस. सणाची पहिली पुरणपोळी तुझ्या घरी जाते. माझ्या पोटावर पाय देऊन तुझं घर 'अ'. अशी चांगली तीन-चार वाक्यं.

मशीन कोपऱ्यात होतं. त्याच्यावर पद्माक्कांची जुनी साडी घडी घालून पांघरली होती. खिडकीजवळच्या खाटेवर बाहुबली अण्णा जागे पडले होते. चेहरा राखेच्या रंगाचा, पावलं सुजून तकतकीत झालेली. कांचनला बघून त्यांनी उशीवरचं डोकं थोडं सरकवलं, जणू बसायला जागा करून देत होते.

"बस की," पद्माक्का म्हणाल्या.

"मशीन कधीपासून बंद आहे?"

"पाणी गेलं त्या दिवसापासून."

"मग दवाखान्यात न्यायचं ना अण्णांना. मला हाक मारायची. मी रिक्षा आणली असती."

"मीच नको म्हटलं," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक होता, पण ताजा होता. "सहा वर्षं झाली कांचन. त्या दिवशी पाणी आलं नाही, तर मला शाळेला अचानक सुट्टी लागल्यासारखं वाटलं. दुसऱ्या पाळीलाही आलं नाही. मग म्हटलं, आता सुट्टीच असू दे."

"पाणी माझ्यामुळे गेलं."

"तुझ्यामुळे पाणी गेलं. सुट्टी मी घेतली. दोन्ही एकात मिसळू नकोस." त्यांनी दम घेतला. "मी पोरगा असतो तर तुझ्याच पाळणाघरात आलो असतो. तू फार मारत नाहीस म्हणे."

कांचनने घरून राग आणला होता. तो ठेवायला इथे जागाच दिसेना.

स्वयंपाकघरात पद्माक्कांनी तिला फोन दाखवला. वैद्यकीय सूट रद्द करा. कारण निवडा. रुग्ण बरा झाला. रुग्ण स्थलांतरित. रुग्ण मयत.

"तीनपैकी काय दाबू, तू सांग."

"फोन करून सांग त्यांना."

"काय सांगू? उपचार थांबवलेत म्हटलं की गाडी येते. माझ्या मामेभावाला नेला तसाच उचलून. चार दिवस नळ्या लावून ठेवला, बायकोला दाराबाहेर. ह्यांना घरी राहायचंय, एवढंच."

"तुमच्या मुनिमहाराजांना विचारलंत का?"

"नाही विचारलं. कळलं तर लोक म्हणतील सल्लेखनेचं व्रत घेतलं. पाया पडायला रांग लागेल. व्रतबित काही नाही गं. दमलेत."

पातेल्यात भात शिजत होता. दोघी त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. कांचनला दिसत होतं की सगळं एका फोनवर आहे. भिसेला एवढंच सांगायचं की समोरचं मशीन बंद आहे. पाळणाघर राहील, रेयांश राहील, तिचं घर 'अ' राहील. आणि उद्या दुपारी आरोग्य खात्याची गाडी बोळात शिरेल. खरं तर फोनही करायला नको. शुक्रवारपर्यंत नुसतं गप्प बसलं तरी ते येणारच होते.

"तू सांग भिसेला," पद्माक्का म्हणाल्या. "मी काही म्हणणार नाही. तुझ्या जागी मी असते तर सांगितलं असतं."

"नसतं सांगितलंस."

"कुणास ठाऊक." त्यांनी गॅस बारीक केला. "पुढं माझी बाहेरची खोली मोकळीच असेल. तेव्हा आण तुझी पोरं."

"तोवर पोरं थांबतात होय."

"नाही थांबत," पद्माक्का म्हणाल्या.

संमती

*ही संमती एक वर्ष मागे घेता येणार नाही. अंगठा ठेवा.*

*ठसा जुळला नाही. पुन्हा ठेवा.*

*ठसा जुळला नाही. बोट कोरडे करून पुन्हा ठेवा.*

कांचनने अंगठा पदराला पुसला.

*धन्यवाद. आपण आता अग्रजोडणीधारक आहात.*

शनिवारी सकाळी

पाळीच्या वेळी झडप उघडल्याचा आवाज इतका लहान होता की तिला आधी भासच वाटला.

पाणी आलं ते काळं. गटाराचा भपकारा आला, कांचनने पदर नाकाला लावला. मग पाणी चहासारखं झालं, चिखलाचे कण घेऊन मोरीत फिरलं आणि जाळीतून खाली गेलं. तिने खराटा घेतला. मीटरची काच चमकत राहिली, 'ड', 'ड', 'ड'. काचेला माहीत नव्हतं की या घरात आता दूध पिणारं कुणी नाही.

शुक्रवारी संमती दिल्यावर तासाभरात पहिला फोन आला होता. काकू, गैरसमज नको, आमच्या कंपनीचा नियम आहे. काकू, सासूबाई ऐकत नाहीत. काकू, आम्ही फोनवर बघितलं, तुमच्या घरापुढे अग्रजोडणी लिहून आलंय, काहीतरी चूक असेल ना? चूक नव्हती. ती प्रत्येकाला तेच सांगत होती, चूक नाही, बरोबर आहे. संध्याकाळी रेयांशची आई स्नेहल आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. ती म्हणाली, तुम्हीच आमच्याकडे या की काकू दिवसभर, मी पगार देते. कांचन बघते म्हणाली. एका पोराला त्याच्या घरी जाऊन सांभाळलं की बाईला मावशी म्हणतात. कांचनला मावशीचं काही वावडं नव्हतं, पण खोलीभर पोरांची काकू व्हायला तिला बरीच वर्षं लागली होती. रेयांश रडला नाही. उद्या यायचंच आहे अशा थाटात त्याने आईच्या खांद्यावरून हात हलवला. भिसेचा पेन त्याच्या मुठीत होता.

पाण्याचा रंग उतरत गेला. निवळलेलं पाणी बोळाच्या तोंडाकडून येतं, त्यामुळे आधी चाचांची झडप उघडली. त्यांच्या पत्र्याच्या पिंपात पडणाऱ्या धारेचा आवाज बोळाच्या टोकापर्यंत ऐकू आला. मग जोगबाईंची. मग मधली घरं एकेक करून. विश्वास कदमांच्या मोटरने सूर धरला. आलं, आलं, असं कुणीतरी म्हणालं. कुणाची तरी बादली भरून वाहिली. आणि वरची प्रत्येक झडप उघडली तशी कांचनच्या नळाची धार एकेक पदर सोडत गेली. सगळ्यांच्या मागून तिचं पाणी नितळ झालं तेव्हा ते दोऱ्याएवढं उरलं होतं. बोळातली घाण आधी तिच्याकडे, चांगलं पाणी शेवटी तिच्याकडे. नळीचा हिशोब साधा होता, त्यात कुणाचा आकस नव्हता.

तिने मीटरकडे बघितलं नाही. खराटा भिंतीला टेकवला.

"कांचन," समोरून हाक आली. "जरा इकडं ये गं."

पद्माक्कांच्या नळालाही तेवढीच बारीक धार होती. त्यांनी कळशीच्या तोंडावर दुहेरी फडकं बांधलं होतं आणि थेंबाथेंबाने पाणी त्यातून उतरत होतं.

"तुझा मीटर 'अ' म्हणतोय. तरी गाळतेस?"

"मीटरचं मीटरपाशी. माझे हात ऐकत नाहीत." पद्माक्कांनी पेला धुऊन ठेवला होता, मोठा, काठाचा, पाहुण्यांना देतात तसला. "ह्यांनी मागितलंय. म्हटलं, तू असताना द्यावं."

मूत्रपिंड गेलेल्या माणसाला पाणी मोजून द्यावं लागतं. जे आत जातं ते बाहेर पडत नाही, छातीत साठतं. सहा वर्षं बाहुबली अण्णा छोट्या वाटीने पाणी पीत होते; भर उन्हाळ्यात पद्माक्का ओलं फडकं त्यांच्या ओठांवरून फिरवत, आणि स्वतः पाणी प्यायच्या तेव्हा मागच्या दारी जाऊन प्यायच्या.

दोघींनी अण्णांना धरून बसवलं. ते हलके झाले होते, फक्त पाय जड होते. पद्माक्कांनी पेला ओठांना लावायला घेतला, तर त्यांनी तो स्वतःच्या हातात घेतला. थोडं पाणी गंजीवर सांडलं. मग ते पीत राहिले. मध्ये थांबले, डोळे मिटले, आणि पुन्हा प्यायले. तळाशी गेलेलं पाणीही त्यांनी मान मागे टाकून घेतलं.

"आपल्या नळाचं?" त्यांनी विचारलं.

"आपल्याच," कांचन म्हणाली. "आत्ता आलंय."

"गार आहे."

बाहेर कुणीतरी आपल्या अंगणात सडा टाकत होतं. विश्वास कदमांची मोटर अजून चालू होती. अण्णांनी पेला पुढे केला.

"अजून."

पद्माक्कांनी कांचनकडे बघितलं, मग भिंतीकडे. कळशीत तळाएवढंच जमलं होतं. कांचन मोरीत गेली, कळशीवरचं फडकं सोडून पेल्याच्या तोंडावर धरलं आणि पेला नळाखाली नेला. भरायला वेळ लागणार होता. घरी तिची वाट बघणारं कुणी नव्हतं, ती उभी राहिली.